मार्गशीर्षातले केडगाव : पंडिता रमाबाईंची उघड श्रद्धा

मार्गशीर्ष हा भगवंतांनी गीतेत आपला म्हणून सांगितलेला महिना. शुद्ध एकादशीस गीताजयंती, पौर्णिमेस दत्तजयंती, आणि दर गुरुवारी घरोघर मांडल्या जाणाऱ्या महालक्ष्मीच्या घटापुढे जमलेल्या सुवासिनी, असे या महिन्याचे रूप आहे. थंडी पडू लागते, रब्बीची ज्वारी वर येऊ लागते आणि मन आपोआप देवाकडे वळते. याच दिवसांच्या आगेमागे आपल्या शेजारच्या ख्रिस्ती घरांवर नाताळची चांदणी टांगली जाते. दोन्ही घरांतील दिवे एकाच रस्त्यावर उजेड पाडतात. परंतु एका घरातील श्रद्धेची हकीकत दुसऱ्या घरास बहुधा ठाऊक नसते. म्हणून यंदाच्या या विशेष पानात आम्ही वाचकांस दौंड तालुक्यातील केडगाव या गावी नेणार आहोत.

नगर शहराजवळचे केडगाव ते हे नव्हे. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, दौंड जंक्शनच्या अलीकडे हे केडगाव स्टेशन लागते. दत्तभक्तांना हे नाव परिचित आहे ते बेट केडगावच्या नारायण महाराजांमुळे. १८८५ साली सिंदगी येथे जन्मलेल्या आणि १९४५ साली बंगळूर येथे देह ठेवलेल्या या सत्पुरुषाने येथे दत्तात्रेयाची उपासना मांडली आणि सत्यनारायणाच्या पूजेचा महिमा दूरवर पसरविला. त्याच केडगावी, महाराज येथे येण्यापूर्वीच, एका स्त्रीने दुसरे एक आश्रयस्थान उभे केले होते. त्याचे नाव ‘मुक्ती’. ती स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई. एकाच गावच्या शिवारात एकीकडे दत्ताची आरती आणि दुसरीकडे प्रार्थनामंदिरातील गायन, असा योग महाराष्ट्रात फार ठिकाणी जुळून आलेला नाही.

रमाबाईंचे नाव काढले की आपल्या घरांत अजूनही दोन प्रकारची माणसे बोलू लागतात. एक म्हणतात, केवढी विदुषी, केवढे धैर्य! दुसरी म्हणतात, पण तिने आपला धर्म सोडला. ही दोन्ही वाक्ये खरी आहेत. दुसऱ्या वाक्यातील वेदना आम्ही हलकी मानीत नाही. परंतु ज्या भरवशावर त्या बाई जगल्या तो भरवसा काय होता, तो त्यांनी लपविला का नाही, आणि त्याची किंमत त्यांनी कशी मोजली, हे पाहिल्यावाचून न्याय करणे श्रद्धाळू माणसास शोभत नाही.

शास्त्रीबुवांची लेक

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, कट्टर वैष्णव आणि व्युत्पन्न पंडित. तरुणपणी पेशव्यांच्या घरातील स्त्रीस संस्कृत शिकविले जात असलेले त्यांनी पाहिले आणि आपल्या पत्नीसही शिकवावयाचे असा निश्चय केला. त्यापायी त्यांना धर्मसभेपुढे उभे राहून स्त्रीस विद्या देणे शास्त्रास धरून आहे, हे आधारांसह सिद्ध करावे लागले. अरण्यातील आश्रमात त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना शिकविले आणि त्या लक्ष्मीबाईंनी पुढे आपल्या लेकीस शिकविले. भागवताचे सहस्रावधी श्लोक मुलीच्या जिव्हाग्री होते. म्हणजे ज्या विद्येच्या बळावर रमाबाई पुढे जगापुढे उभ्या राहिल्या, ती विद्या एका श्रद्धाळू हिंदू घरातील माउलीने पहाटे लेकीस जागे करून दिलेली होती.

हे कुटुंब तीर्थाटन करीत, पुराण सांगत हिंडे. मिळेल ते दान घ्यावे, पुढील क्षेत्र गाठावे, हा क्रम. १८७४च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला आणि अन्न मिळेनासे झाले. प्रथम वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण कृष्णाबाई. उपासमारीने खंगलेल्या शरीरांनी बहीणभाऊ मागे राहिले. श्रीनिवास आणि रमा या दोघांनी मग शेकडो कोसांची वाट पायी तुडविली आणि १८७८ साली ती कलकत्त्यास पोचली. तेथील विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

सन्मानाच्या पाठोपाठ आघात आले. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांचा विवाह झाला. १८८१ साली कन्या मनोरमा जन्मली आणि १८८२च्या फेब्रुवारीत पती पटकीने निवर्तले. चोविसाव्या वर्षी हाती तान्ही मुलगी आणि पाठीशी कोणी नाही, अशा अवस्थेत त्या पुण्यास आल्या. त्याच वर्षी त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि शिक्षणासंबंधीच्या हंटर कमिशनपुढे स्त्रियांसाठी स्त्री शिक्षिका आणि स्त्री वैद्य हव्यात अशी साक्ष दिली.

बाप्तिस्मा आणि त्यानंतरची आठ वर्षे

१८८३ साली वैद्यकी शिकण्याच्या हेतूने त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. पुण्यात खळबळ उडाली. हे मोहाने झाले, परक्यांच्या उपकाराखाली झाले, असे पुष्कळांनी म्हटले. उलट महात्मा जोतीराव फुले यांनी १८८५ साली ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली.

त्या स्वतः काय सांगतात? त्यांच्या आत्मकथनातून असे दिसते की, तेथील भगिनी समाजाने टाकलेल्या, वाममार्गास लागलेल्या स्त्रियांसाठी चालवीत असलेले आश्रयगृह पाहून त्यांचे मन हलले. ज्या स्त्रीस कोणी उंबऱ्यात उभे करीत नाही तिला हाताशी धरून माणसांत आणावयाचे, आणि हे देवाचे काम म्हणून करावयाचे, ही गोष्ट त्यांनी पूर्वी पाहिली नव्हती. या दयेचे मूळ कोठे आहे हे शोधता शोधता त्या येशूने शोमरोनी स्त्रीशी केलेल्या संभाषणापाशी येऊन थांबल्या.

तरीही त्या कोणाच्या मुठीत गेल्या नाहीत. गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरे का असावीत, आपली संस्कृत काय कमी आहे, असा प्रश्न त्यांनी इंग्लंडातील आपल्या गुरुभगिनीस विचारला होता. तेथील धर्माधिकाऱ्यांशी त्या पत्रांतून वाद घालीत, पटेल तेवढेच घेत. मांसाहार त्यांनी कधी स्वीकारला नाही. पांढरे साधे लुगडे हाच त्यांचा वेश शेवटपर्यंत राहिला. धर्म बदलला म्हणून देश बदलावा, भाषा बदलावी, पानातील अन्न बदलावे, हे त्यांना मान्य नव्हते. या बाबतीत त्या परदेशी उपकारकर्त्यांशी जितक्या ताठ वागल्या, तितक्या पुण्यातील टीकाकारांशीही वागल्या नसतील.

आणखी एक गोष्ट भक्तिमार्गी वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावी. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, १८९१च्या सुमारास, त्यांना असे कळून चुकले की आपणास ख्रिस्ती धर्म तर मिळाला. पण ज्याच्या नावाने तो आहे तो ख्रिस्त अजून मिळालेला नाही. विधी झाला, नाव बदलले, ग्रंथ वाचला, पण अंतःकरण कोरडेच. मग एकदा सर्व भार त्याच्यावर टाकला आणि चित्त निवले, असे त्या सांगतात. आपल्या संतांनीही कर्मकांडाने न मिळालेला विठोबा शेवटी शरणागतीनेच मिळविला. देवाचे नाव निराळे असेल. पण शरण जाणाऱ्याची आर्तता वारकऱ्यास अनोळखी वाटणार नाही.

दार उघडे ठेवण्याचा प्रश्न

अमेरिकेतील मित्रांनी दहा वर्षे साहाय्य देण्याचे पत्करल्यावर रमाबाई स्वदेशी परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस त्यांनी ‘शारदासदन’ उघडले. उच्चवर्णीय विधवांसाठी ही शाळा आणि वसतिगृह. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी थोर माणसे सल्लागार होती. सदनात धर्मोपदेश करावयाचा नाही आणि मुलींनी आपापले आचार पाळावयास मोकळीक असावी, असे ठरलेले होते.

वाद पेटला तो यानंतर. रमाबाई आपल्या खोलीत मुलीसह रोज प्रार्थना करीत, बायबल वाचीत. खोलीचे दार त्या लावून घेत नसत. हळूहळू सदनातील काही मुली येऊन बसू लागल्या. पालकांस हे कळले, ‘केसरी’तून टीकेची झोड उठली आणि १८९३ साली सल्लागार मंडळाने अंग काढून घेतले. अनेक पालकांनी मुली परत नेल्या.

या प्रकरणाचा निवाडा इतक्या वर्षांनंतर सहज करता येतो असे आम्ही म्हणणार नाही. पालकांचे म्हणणे पोकळ नव्हते. निराधार बालविधवा जिच्या छपराखाली राहते, जिच्या हातचे शिक्षण घेते, तिच्या धर्माची ओढ तिला लागणार. आणि ओढ व निवड यांत अंतर असते. त्यांची भीती अगदीच खोटी ठरली असेही नाही, कारण पुढे सदनातील काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला. दुसरीकडे रमाबाईंचा प्रश्नही तितकाच रोकडा होता. मी उपदेश करीत नाही. पण मी माझ्या देवाची प्रार्थना चोरून करावी काय? ज्या गृहिणीच्या घरी पोरकी भाची राहावयास येते, ती गृहिणी देव्हाऱ्याचे दार लावून पूजा करते काय?

आम्हास वाटते, या प्रसंगातून दोन्ही बाजूंनी घेण्यासारखे काही आहे. आश्रय देणाऱ्याने आश्रिताच्या मनावर आपले वजन पडू नये म्हणून जपावे, हे खरे. परंतु श्रद्धा ही आतल्या खोलीत कुलूप लावून ठेवण्याची वस्तू नव्हे, हेही खरे. जो माणूस उघडपणे ख्रिस्ती आहे, त्याच्याशी उघडपणे मतभेद करता येतो. जो लपवितो त्याच्याशी मैत्रीही होत नाही आणि वादही होत नाही. रमाबाईंचे मोठे आश्रयदाते दुरावले, मानमरातब गेला; पण आपण कोण आहोत हे त्यांनी लपविले नाही.

यातून निघालेले एक सुफळही विसरता कामा नये. शारदासदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. १८९६ साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली आणि पुढे हिंगण्याच्या माळरानावर तो आश्रम नांदू लागला. विधवेस विद्या द्यावयाची तर ती आपल्या समाजाच्या आधाराने द्यावी, हे कर्व्यांनी करून दाखविले. टीकेपेक्षा हे उत्तर कितीतरी थोर होते. आणि या उत्तरामागची प्रेरणा रमाबाईंच्या सदनातूनही आलेली होती, हे मोकळ्या मनाने म्हटले पाहिजे.

दुष्काळात सापडलेली वाट

सदन डळमळीत झाल्यावर रमाबाईंनी केडगावास जमीन घेतली होती. फळझाडे लावावी, विहिरी खणाव्या आणि त्या उत्पन्नावर संस्था चालावी, असा साधा हिशेब. ती ओसाड जमीन पुढे कशासाठी लागणार आहे हे त्या वेळी त्यांनाही ठाऊक नसावे.

१८९६ व ९७ साली मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. वर्तमान कानी येताच रमाबाई तिकडे निघाल्या. दुष्काळी छावण्यांतून, रस्त्याकडेच्या झाडांखालून त्यांनी हाडांचे सापळे झालेल्या मुली आणि तरुण विधवा उचलून आणल्या. बावीस एक वर्षांपूर्वी अशाच रस्त्यावर अशीच एक मुलगी आईबाप गमावून उभी होती. ती त्या स्वतःच होत्या. भुकेने माणसाचे काय होते आणि भुकेलेल्या एकाकी मुलीवर कोणाची नजर असते, हे त्यांना कोणी सांगावयास नको होते.

मुली आणल्या, पण पुण्यात तेव्हा प्लेगने थैमान मांडले होते आणि शहरात इतकी माणसे ठेवणे अशक्य झाले. तेव्हा केडगावची जमीन आठवली. माळावर तात्पुरते निवारे उभे राहिले आणि त्यांतून ‘मुक्तिसदन’ निर्माण झाले. १९००च्या सुमारास गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा तेथूनही मुली आल्या आणि वस्ती दीड हजारांच्या वर गेली. इतक्या जणींचे दोन वेळचे अन्न, वस्त्र, औषध, शिक्षण हे सारे एका माळरानावर चालविणे, हे ज्या गृहिणी चार माणसांचे घर चालवितात त्यांना न सांगताही कळेल.

मुक्तिसदन हे मात्र शारदासदनाप्रमाणे धर्माबाबत तटस्थ नव्हते. ते प्रकटपणे ख्रिस्ती होते. पण तेथे बसून खाणारे कोणी नव्हते. मुली शेती करीत, गाईगुरे राखीत, माग चालवीत, शिवणकाम, सुतारकाम, गवंडीकाम शिकत. वाट चुकलेल्या किंवा चुकविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ निघाले. इंग्लंडातील त्या आश्रयगृहापाशी जे बीज पडले होते ते भीमेच्या खोऱ्यात असे रुजले. अंधांसाठी निराळी व्यवस्था झाली आणि मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकून येऊन त्यांना वाचावयास शिकविले. स्वतःचे पोट स्वतःच्या हातांनी भरणारी बाई कोणाच्या दयेवर राहत नाही, ही रमाबाईंची ‘मुक्ती’ या शब्दाची व्याख्या होती. मोक्षाआधी भाकर, आणि भाकरीबरोबर मान.

१९०५ साली या मुलींत प्रार्थनेची एक विलक्षण लाट उसळली. मुली रडत, गात, भान हरपून तासन्‌तास प्रार्थना करीत. परदेशातून पाहुणे ते पाहावयास आले. कोणास हे नवल वाटले, कोणास संशय आला. ज्यांनी आळंदीहून पंढरीकडे निघालेली दिंडी पाहिली आहे, त्यांस भक्तीत माणूस असा हेलावतो हे नवे नाही.

भरवसा म्हणजे काय?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. अमेरिकेतील मंडळींची दहा वर्षांची हमी १८९८ साली संपणार होती आणि माणसे तर दररोज वाढत होती. रमाबाईंनी ब्रिस्टलचे जॉर्ज म्युलर यांचे चरित्र वाचलेले होते. त्या गृहस्थांनी कोणापुढे हात न पसरता, केवळ प्रार्थनेवर विसंबून हजारो अनाथ मुले सांभाळली. जो देव तेथे देतो तो येथे का देणार नाही, असा रमाबाईंचा प्रश्न होता. ठरलेल्या उत्पन्नाची खात्री नसताना त्यांनी दार बंद केले नाही. येईल तिला घेतले आणि भार देवावर ठेवला.

येथे आपल्याकडील एक म्हण आठवते : असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी. ही म्हण भरवशाची नव्हे, आळसाची थट्टा आहे. रमाबाईंचा भरवसा खाटल्यावर पडून राहणारा नव्हता. देव पाणी देईल म्हणत त्या विहीर खणीत. देव अन्न देईल म्हणत त्या नांगर धरवीत. ईश्वराची योजना आहे असे मानणे म्हणजे आपण काही न करणे नव्हे. आपल्या हाती आलेले काम त्याने दिलेले आहे असे समजून ते पुरते करणे आणि फळाचा घोर न बाळगणे. गीताजयंतीच्या दिवशी आपण जे वाचतो त्याहून हे फार दूर आहे असे आम्हास वाटत नाही. नामाचा आणि स्वरूपाचा भेद मोठा आहे, तो आम्ही पुसून टाकीत नाही. पण कर्तव्य करून निश्चिंत राहण्याची शिकवण दोन्ही घरांस तारणारी आहे.

आणखी एक बारकावा आहे. ईश्वराची योजना आधी दिसत नाही. ती मागे वळून पाहिल्यावर दिसू लागते. बापाने समाजाचा रोष पत्करून आईस शिकविले. आईने लेकीस शिकविले. दुष्काळाने घर उद्ध्वस्त केले. भाऊ गेला, पती गेला. पुण्यातील सदन मोडकळीस आले म्हणून माळावर जमीन घेतली. ज्या वेळी यातील एकेक गोष्ट घडली त्या वेळी ती केवळ विपत्ती होती. त्या साऱ्यांची गाठ बसली ती केडगावास, जेव्हा सहस्रावधी मुलींस छप्पर हवे होते. याचा अर्थ दुष्काळ चांगला होता असा कोणी करू नये. मेलेल्या आईबापांचे दुःख कोणत्याही योजनेने भरून येत नाही. रमाबाईंनी त्या दुःखाचा हिशेब देवाकडे मागितला नाही. त्या दुःखातून जे काम पुढे आले ते त्यांनी हाती घेतले, एवढेच.

घोडनदीचा सत्पुरुष

केडगावच्या उत्तरेस, पुण्याहून नगरकडे, आजच्या अहिल्यानगरकडे, जाणाऱ्या रस्त्यावर शिरूर लागते. जुने लोक त्यास घोडनदी म्हणतात. १८३१ साली नगरास ठाणे केलेल्या अमेरिकन मराठी मिशनचे काम पुढे येथवर आले आणि मुलांना हाताचे धंदे शिकविणारी शाळाही येथे चालली. पण शिरूरची त्याहून जुनी एक आठवण अधिक हृद्य आहे.

इंग्रजांची छावणी येथे होती तेव्हा कर्नल विल्यम वॉलेस नावाचा एक सेनाधिकारी १८०९ साली येथेच मृत्यू पावला. तो ख्रिस्ती, परका, शिवाय लष्करी माणूस. पण १८८५च्या पुणे जिल्हा गॅझेटियरात नोंद आहे की, शिरूर व आसपासच्या खेड्यांतील लोक त्यास ‘सत्पुरुष’ म्हणून मानीत आणि सुगीत नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या थडग्यापाशी नेत. त्याने कोणास उपदेश केला म्हणून नव्हे, कोणाचा धर्म बदलला म्हणूनही नव्हे. आपल्या कुणब्याने माणसाचे मोल वागणुकीवर केले आणि ते मोल ठरल्यावर तो कोणत्या देवळात जात होता हे विचारले नाही.

याच उदार मनाच्या मराठी मुलखाने रेव्हरंड नारायण वामन टिळकांनाही आपले मानले. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या या कवीने ख्रिस्ताची भक्ती अभंगांतून गाइली, कीर्तनातून सांगितली आणि आपण तुकोबांच्या वाटेनेच ख्रिस्तापर्यंत पोचलो, हे ऋण त्यांनी कधी नाकारले नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे ‘स्मृतिचित्रे’ आज कितीतरी हिंदू घरांत आवडीने वाचले जाते. टाळ-मृदंगाच्या साथीने येशूचे भजन करणारी मंडळी जेव्हा नाताळात दिसतात, तेव्हा ती आपल्याच अंगणातील शाखा आहे, हे ओळखावयास फार विचार करावा लागत नाही.

शेवटचे काम

उतारवयात रमाबाईंनी एक प्रचंड काम अंगावर घेतले. बायबलाची भाषांतरे मराठीत होती. पण त्यांची संस्कृतप्रचुर भाषा केडगावच्या माळावर काम करणाऱ्या बायांच्या कानी पडून वाहून जाई. तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून, साध्या बायकांच्या मराठीत नवे भाषांतर करावयाचे त्यांनी ठरविले. जिला संस्कृत पंडितांनी ‘सरस्वती’ म्हटले, तिनेच अडाणी बायांसाठी संस्कृतचा डौल बाजूस ठेवला. ज्ञानदेवांनी गीता मराठीत आणली तेव्हा जी करुणा होती, तिचीच जात ही. केडगावच्या छापखान्यात खिळे जुळविणारे हात याच मुलींचे होते. हे काम दीड तपाहून अधिक काळ चालले.

त्यांची अखेरची परीक्षा येथेच झाली. कन्या मनोरमाबाई ही त्यांची सोबती, सहकारी आणि संस्थेची भावी धनीण. २४ जुलै १९२१ रोजी त्या आईच्या आधी गेल्या. ज्या बाईने उभे आयुष्य ईश्वराच्या योजनेवर विश्वास ठेवला, तिचे एकुलते एक अपत्य तिच्या डोळ्यांदेखत गेले. त्या वेळी त्या माउलीच्या मनात काय आले असेल ते सांगण्याचा अधिकार आम्हास नाही. एवढे मात्र नोंदलेले आहे की, त्यांनी भाषांतराचे काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला तेव्हा काम हातावेगळे झालेले होते. १९२४ साली संपूर्ण ग्रंथ छापून निघाला. १९८९ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. मुक्ती मिशन आजही केडगावी निराधार स्त्रिया आणि मुले यांचा सांभाळ करीत आहे.

आपल्या देव्हाऱ्यापाशी

हे सारे वाचून एखादी श्रद्धाळू गृहिणी विचारील, मग यातून आम्ही काय घ्यावे? आम्ही आमचा देव सोडावा काय? मुळीच नाही. आपापल्या कुळाचा देव, आपापली उपासना ही माउलीच्या दुधासारखी असते. आम्ही सांगू इच्छितो ते निराळे आहे.

रमाबाईंनी आपला धर्म उघड्या दाराने पाळला. आपल्या घरांत आज धर्म पुष्कळ आहे. पण त्याचे दार कितीसे उघडे आहे? घटाची मांडणी सुबक होते, नैवेद्याचे पान भरते, आरतीस गर्दी होते. पण धाकट्या दिरामागे राहिलेली जाऊ, माहेरी परत आलेली मुलगी, कामास येणाऱ्या बाईची शाळा सुटलेली पोर, यांना आपल्या भक्तीची ऊब लागते काय? मार्गशीर्षाच्या गुरुवारी हळदीकुंकवास सुवासिनींना बोलावितात. शेजारची विधवा त्या दिवशी आपले दार लोटून घेते. शास्त्रीबुवांची लेक सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी ज्या दुःखासाठी झिजली ते दुःख अजून आपल्या उंबऱ्यापाशी बसलेले आहे. ते दूर करण्यास धर्म बदलावा लागत नाही. रूढी तेवढी बदलावी लागते. त्या बाईस कुंकवासह सन्मानाने बोलावून पाटावर बसविणारी सासू आज काही घरांत दिसू लागली आहे. अशा घरी लक्ष्मी रुसते असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

दुसरी गोष्ट शेजारधर्माची. नाताळच्या दिवशी शेजारच्या ख्रिस्ती घरातून फराळाचे ताट येते आणि दिवाळीस आपले ताट तिकडे जाते, ही चाल पुष्कळ ठिकाणी आहे. ती नसेल तेथे सुरू करावी. श्रद्धा उघडपणे जगण्याचा हक्क आपण आपल्यासाठी मागतो, तो शेजाऱ्यासही असावा. कोणी कोणास ओढू नये, फसवू नये, उपकाराच्या भाराखाली वाकवू नये, ही मर्यादा दोघांनीही पाळावी. तेवढी पाळली की मग दोन दिवे एकमेकांस विझवीत नाहीत.

दत्तजयंतीस बेट केडगावला जाणारे भाविक पुष्कळ असतील. पादुकांवर माथा टेकावा, प्रसाद घ्यावा. परतताना त्याच गावी एका ब्राह्मणकन्येने भुकेल्या पोरींसाठी माळरानावर विहिरी खणविल्या होत्या, याचे स्मरण ठेवावे. आणि घरी पोचल्यावर ज्या बाईस यंदा कोणी बोलाविले नसेल, तिच्या दाराची कडी वाजवावी.